जुना गेम खुला करा, पण आधी हे बघा

तुम्ही एकट्याने किंवा दोघा-तिघांनी मिळून एक गेम केलात. लोकांनी तो विकत घेतला, खेळला. आता दहा-बारा वर्षं उलटली. विक्री महिन्याला चार-दोन प्रतींवर आली आहे, तुम्ही दुसऱ्या कामाला लागला आहात, आणि अधूनमधून कुणी विचारतं, ‘याचा सोर्स कोड खुला का करत नाही?’

माझं मत आधीच सांगते. करा. फक्त घाईने नको, आणि सगळंच एकदम नको.

सोर्स कोड म्हणजे तुम्ही लिहिलेलं मूळ. लोकांकडे असतो तो त्यावरून यंत्राने तयार केलेला गेम. दुरुस्ती करायची तर मूळ लागतं. ते फक्त तुमच्याकडे असेल तर गेम जगणार तुमच्या सवडीवर.

सवड नसली की काय होतं, ते आपण पाहिलं आहे. २०१७ मध्ये नव्या आयफोन प्रणालीवर आणि २०१९ मध्ये नव्या मॅक प्रणालीवर जुने ३२ बिटचे प्रोग्राम चालेनासे झाले. २०२० संपताना ब्राउझरमध्ये गेम चालवणारं फ्लॅश बंद झालं. लोकांनी पैसे देऊन घेतलेले कितीतरी छोटे गेम एका अपडेटनंतर उघडेनात. गेम बिघडले नव्हते. नव्या यंत्रासाठी ते पुन्हा बांधून द्यायला कुणी उरलं नव्हतं.

‘मग विकत कोण घेईल?’ ही तुमची काळजी रास्त आहे. पण टेरी कॅव्हनॉ यांनी काय केलं ते बघा. नावात सलग सहा इंग्रजी ‘व्ही’ असलेला त्यांचा गेम २०१० च्या जानेवारीत आला. बरोबर दहा वर्षांनी, २०२० च्या जानेवारीत, त्यांनी कोड सर्वांसमोर ठेवला. चित्रं आणि संगीत मात्र दिलं नाही. पूर्ण गेमची विक्री चालूच राहिली. कोड वापरून कुणी परस्पर धंदा करू नये, अशीही अट घातली. त्या अटीमुळे काटेकोर अर्थाने त्याला ओपन सोर्स म्हणत नाहीत, पण दुरुस्ती करणाऱ्यांचं काही अडलं नाही. चाहत्यांनी जुने दोष काढले, आणि २०२४ च्या आवृत्तीत तो गेम अनेक भाषांत खेळता येऊ लागला.

तो कोड काही सुबक नव्हता. एकाच फंक्शनमध्ये शेकडो प्रसंग एकाखाली एक रचलेले होते. लोकांनी ते हौसेने वाचलं आणि कामाला लागले. तेव्हा ‘माझा कोड घाणेरडा आहे, आधी नीट करतो, मग देतो’ असं म्हणत बसू नका. ते नीट करणं कधीच होत नाही.

आता कामाचं.

पहिलं काम आजच करा. कोड, मूळ चित्रं, आवाजाच्या फाइल्स, सगळं दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवा. त्यातली एक जागा घराबाहेरची हवी. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ करणाऱ्या जॉर्डन मेकनर यांचा मूळ कोड अनेक वर्षं बेपत्ता होता. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना एका खोक्यात फ्लॉप्या सापडल्या, तेव्हा तो हाती लागला. त्या वाचायला जाणकारांना बोलवावं लागलं. तुमची जुनी हार्ड डिस्क तेवढी वाट बघेलच असं नाही.

मग बघा, यातलं तुमचं किती आहे. इथे भले भले अडकतात. १९९७ मध्ये ‘डूम’ या गेमचा कोड खुला झाला, तेव्हा आवाज वाजवणारा भाग दुसऱ्याकडून घेतलेला असल्याने देता आला नाही. तुमच्याही गेममध्ये असं उसनं काही असेल. तो भाग काढा आणि काय काढलं ते लिहून ठेवा.

संगीत मित्राने केलं होतं? चित्रं कुणा मुलीने पैसे घेऊन काढून दिली होती? तेव्हाचा कागद शोधा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क सोपवायचे तर ते लेखी लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरते. म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या अर्ध्या पानाच्या करारावर आज विसंबू नका. फोन करा, विचारा, नव्याने लिहून घ्या. पटलं नाही त्यांना, तर त्यांचं काम वगळा. आणि गेम नोकरीत असताना, कामाचा भाग म्हणून केला असेल, तर हक्क बहुधा मालकाचा आहे. त्याच्या लेखी परवानगीशिवाय काहीच बाहेर काढू नका.

पासवर्ड तपासा. आजच्या फाइलमधून तो पुसला म्हणजे गेला असं नाही. बदलांची जुनी नोंद सोबत दिलीत तर त्यात तो तसाच दिसतो. आधी सगळे पासवर्ड बदला. शंका असेल तर जुनी नोंद देऊच नका, आजची स्वच्छ प्रत द्या. खेळाडूंचे ईमेल पत्ते कुठे पडलेले नाहीत ना, तेही बघा. ते लोक तुमच्या भरवशावर आले होते.

परवाना, म्हणजे इतरांनी कोड कसा वापरावा याच्या अटी, निवडताना दोन गोष्टी ध्यानात धरा. एमआयटी परवाना दिलात तर कुणीही तुमचा कोड घेऊन, स्वतःचे बदल गुप्त ठेवून विकू शकतो. जीपीएल दिलात तरी विकू शकतो, पण बदललेला कोड त्याला गिऱ्हाइकाला द्यावा लागतो. छोट्या गेमला मी जीपीएलच सुचवेन. आणि एकदा दिलेल्या प्रतीवरचा हक्क परत घेता येत नाही, म्हणून परवाना जाहीर करण्याआधी चार दिवस जाऊ द्या.

चित्रं, संगीत आणि नाव हे वेगळं ठेवा, आणि वेगळं ठेवलं आहे हे स्पष्ट लिहा. ‘लुगारू’ गेमचा कोड २०१० मध्ये खुला झाला. पुढच्याच वर्षी ॲपलच्या दुकानात तोच गेम, त्याच चित्रांसह, दुसऱ्याच कुणी स्वस्तात विकायला मांडला. चित्रांची परवानगी दिलेली नव्हती, म्हणूनच मूळ मंडळींना ठामपणे तक्रार करता आली.

आपल्या लोकांसाठी यात आणखी एक लाभ आहे. बरेच जुने गेम एकेक अक्षर सुटं मांडतात. त्यात मराठी घातली तर ‘कि’मधली वेलांटी ‘क’च्या नंतर जाऊन पडते आणि ‘क्ष’चे तुकडे होतात. भाषांतर कितीही चांगलं असलं तरी कोड बंद असेल तर हे सुधारता येत नाही. खुला असेल तर नाशिकची एखादी कॉलेजातली मुलगीही ते करू शकते.

एवढं करूनही मन होत नसेल, तर हरकत नाही. पण घरच्यांसाठी एक चिठ्ठी मात्र लिहा. तुमच्या पश्चात साठ वर्षं हा हक्क तुमच्या वारसांचा आहे, आणि त्यांना तो आहे हेच माहीत नसतं. प्रती कुठे आहेत, दुकानाचं खातं कोणतं, कुणाला विचारायचं, आणि तुमच्यामागे कोड खुला करायचा की नाही, एवढं लिहा. मृत्युपत्र करत असाल तर त्यातही हे घाला.