तुमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही? छान!

‘लपवण्यासारखं काही नसेल, तर घाबरता कशाला?’ हे विचारणाऱ्याला आडनाव ऐकून कुणी भाड्याचं घर नाकारलेलं नसतं. रात्री अकराला त्याच्या नंबरवर अनोळखी ‘हाय’ही आलेलं नसतं.

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. काकांसाठी ती सोय; एकट्या राहणाऱ्या मुलीसाठी तीच धास्ती. माहिती एकच, पण किंमत प्रत्येकाला वेगळी मोजावी लागते.

सरकारी कागदाचंही तेच. १९५४च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे लग्नाआधी ३० दिवसांची नोटीस लागते. तीत नाव, वय, पत्ता सगळं. घरच्यांच्या आशीर्वादाने लग्न करणाऱ्यांना ती नुसती औपचारिकता. घर सोडून आलेल्या आंतरधर्मीय जोडप्याचा मात्र त्यातून माग लागतो. अशा नोटिसा ऑनलाइन फिरवून जोडप्यांचा छळ व्हायला लागला, तेव्हा २०२०मध्ये केरळने त्या वेबसाइटवर टाकणं थांबवलं.

२४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. हक्क सगळ्यांना सारखा; गरज सारखी नाही. म्हणूनच अॅपची मूळ सेटिंग सर्वाधिक धोका असलेल्या माणसाला धरून हवी. ज्याला उघडं राहायचंय, त्याने बटण शोधावं. जिला जपून राहावं लागतं, तिनेच का शोधत बसायचं?

आणि तुम्ही? ग्रुपमध्ये कुणाचा नंबर टाकण्याआधी एकदा विचारा. नकार आला, तर कारण मागू नका.