नवीन सोफ्याचं दुकान टाकू नका, जुना सोफा नवा करायचं काम धरा



सोफा रिपेअरच्या धंद्याचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, आजकाल जुना सोफा दुरुस्त करतंय कोण? पंधरा-वीस हजारात नवीन घरपोच येतो, तोही हप्त्यावर." प्रश्न रास्त आहे. व्हिडिओत त्यावर दोन मिनिटं बोललो होतो, इथे आकडे मांडून सविस्तर सांगतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्याच्या हातात लाख-दोन लाखांपेक्षा जास्त भांडवल नाही, त्याने फर्निचरचं दुकान टाकायच्या भानगडीत पडू नये. जुनं फर्निचर नवं करून देण्याचं काम धरावं. यात ग्राहकाचंही भलं आहे आणि तुमचंही. अट एकच, कुठल्या सोफ्याला हात लावायचा आणि कुठल्याला नाही, हे तुम्हाला कळलं पाहिजे.

सोफ्यात नेमकं जुनं काय होतं?

सोफा म्हणजे चार गोष्टी. लाकडाचा सांगाडा, त्यावरचे पट्टे किंवा स्प्रिंगा, मग फोम, आणि सगळ्यात वर कापड किंवा रेक्झिन. या चौघांचं आयुष्य सारखं नसतं. गंमत इथेच आहे.

कापड रोजच्या घासण्याने विरतं. रेक्झिनमध्ये त्याला मऊ ठेवणारं द्रव्य असतं, ते हळूहळू उडून जातं आणि रेक्झिन कडक होऊन तडकतं. लेदरसारखं दिसणारं जे पीयू कापड मिळतं, त्याचा वरचा थर दमट हवेत सुटायला लागतो. मुंबईत, कोकणात चार महिने पाऊस बघितलेल्या सोफ्याच्या खपल्या निघतात त्या यामुळे. फोम दाबून दाबून बसतो, पिवळा पडतो, शेवटी त्याचा भुगा होतो. पट्टे सैल पडतात.

आणि सांगाडा? सागवान किंवा दुसरं चांगलं लाकूड असेल, सांधे नीट असतील आणि वाळवी लागलेली नसेल, तर त्याला काहीही झालेलं नसतं. तीस-चाळीस वर्षांपूर्वी घरी सुतार बसवून करून घेतलेले सोफे आजही अनेक घरांत उभे आहेत. घरच्यांना दिसतं ते फाटलेलं कापड, म्हणून ते सोफा "खराब झाला" म्हणतात आणि भंगारवाल्याला बोलावतात. सगळ्यात महाग वस्तू कवडीमोलाने जाते, आणि जे बदलायला हवं होतं त्याच्यासाठी नवीन सांगाडाही विकत घ्यावा लागतो. शर्टाचं बटण तुटलं म्हणून कोणी शर्ट टाकून देतं का?

आता तो पंधरा-वीस हजारांचा नवीन सोफा घ्या. त्या किमतीत कारखान्याचा खर्च, वाहतूक, दुकानदाराचं भाडं, जाहिरात आणि नफा हे सगळं बसवायचं असतं. मग काटकसर कुठे होते? जिथे ग्राहकाला दिसत नाही तिथे. आतलं लाकूड हलकं किंवा पार्टिकल बोर्ड, फोम कमी डेन्सिटीचा. वरून चकाचक. सगळेच नवीन सोफे असे नसतात, पण स्वस्तात मिळणाऱ्यांत असे भरपूर असतात. म्हणून तुलना करताना "जुना सोफा की नवा सोफा" असं विचारू नका. "चांगला सांगाडा आणि नवीन फोम, की कच्चा सांगाडा आणि साधा फोम" असं विचारा. ग्राहकालाही असंच समजावून सांगा.

हिशोब मांडून बघू

समजा, तीन अधिक एक अधिक एक असा पाच जणांचा सेट आहे. खालचे भाव उदाहरणापुरते आहेत, तुमच्या गावचे भाव टाकून हिशोब परत करा.

- कापड १४ मीटर, ३५० रुपयांनी: ४,९०० रुपये
- फोम: ५,००० रुपये
- पट्टे, वॅडिंग, दोरा, पिना, सोल्युशन: १,५०० रुपये
- दोन कारागीर, तीन दिवस, ९०० रुपये रोज: ५,४०० रुपये
- टेम्पो, नेणं-आणणं: १,६०० रुपये
- जागा, वीज, फोन यांचा वाटा: १,१०० रुपये

एकूण खर्च १९,५०० रुपये. कोटेशन दिलं २६,००० रुपयांचं. तुमच्या हातात राहिले ६,५०० रुपये, म्हणजे कोटेशनच्या २५ टक्के. तसाच भरीव लाकडाचा नवीन सेट तुमच्या बाजारात केवढ्याला आहे, ते स्वतः दोन दुकानं फिरून विचारून या. तो आकडा वहीत लिहून ठेवा, ग्राहकाशी बोलताना तोच कामाला येणार आहे.

पण मला या हिशोबात नफ्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त आवडते. काम घेताना तुम्ही ५० टक्के ॲडव्हान्स घेणार, म्हणजे १३,००० रुपये. मालाचा खर्च किती? कापड, फोम आणि किरकोळ मिळून ११,४०० रुपये. म्हणजे माल ग्राहकाच्या पैशातून आला. दुकानदाराचं उलट असतं. आधी माल भरायचा, भाडं भरायचं, आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचं. न खपलेला सोफा जागाही अडवतो आणि पैसाही. तुमच्याकडे न खपलेला माल असा नसतोच, कारण सोफा आधीपासून ग्राहकाचाच आहे.

फोम वजनावर तपासा

या धंद्याचं नाव खराब कशाने झालं असेल तर फोमने. "४० डेन्सिटी टाकतो" असं सांगायचं आणि हलका फोम आत भरायचा. वर कापड चढलं की कोण बघतंय? आठ महिन्यांत सीट बसते, ग्राहक शिव्या घालतो आणि दहा जणांना सांगतो की रिपेअरिंग म्हणजे पैसे पाण्यात.

डेन्सिटी म्हणजे काय, तर एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. ३२ डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ३२ किलो. यावरून कुठल्याही सीटचं वजन काढता येतं. २४ इंच लांब, २४ इंच रुंद आणि ५ इंच जाड सीट घ्या. ३२ डेन्सिटीच्या फोमची ही सीट साधारण दीड किलो भरली पाहिजे. ४० डेन्सिटीची असेल तर जवळपास १ किलो ९०० ग्रॅम. काट्यावर ती सव्वा किलोच भरली, तर समजा की व्यापाऱ्याने तुम्हाला टोपी घातली.

एक गोष्ट लक्षात ठेवा. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. मऊ फोमही जास्त डेन्सिटीचा असू शकतो. डेन्सिटीवरून टिकाऊपणाचा अंदाज येतो, आणि मऊ-कडक हे ग्राहकाला बसवून विचारायचं असतं. घरात म्हातारी माणसं असतील तर फार मऊ आणि खोल सीट देऊ नका, त्यांना उठताना त्रास होतो.

माझा आग्रह असा की वजनकाटा घेऊन ग्राहकासमोर फोम मोजून दाखवा. "काकू, हा बघा, एक किलो नऊशे." या एका वाक्याने जो विश्वास बसतो, तो हजार पॅम्प्लेट वाटून बसत नाही.

"नाही" म्हणायला शिका

आता अटीकडे येऊ. प्रत्येक सोफा दुरुस्त करण्याच्या लायकीचा नसतो. ग्राहक पैसे द्यायला तयार असला तरी काही कामं सोडावी लागतात.

पहिली तपासणी. सोफ्याचा पुढचा एक पाय वीतभर, म्हणजे सहा-सात इंच उचला. तोवर दुसरा पुढचा पायही उचलला गेला पाहिजे. तो जमिनीलाच चिकटून राहिला, तर सांगाडा पिळतोय, सांधे गेलेत. सांधे सुताराकडून नीट होत असतील तर त्याचा खर्च वेगळा धरा.

दुसरी. खालचं कापड थोडं उसवून आत टॉर्च मारा. पार्टिकल बोर्ड फुगलेला असेल, त्यात स्क्रू धरत नसेल, तर हात जोडून सांगा की यावर पैसे घालू नका. वाळवी आतपर्यंत गेली असेल तरी तेच.

तिसरी, ढेकूण. शिवणीत, पट्ट्यांच्या कडेला काळे ठिपके शोधा. ढेकूण असतील तर आधी पेस्ट कंट्रोल, मगच सोफा तुमच्या शेडमध्ये. नाहीतर एका घरचे ढेकूण तुम्ही दहा घरांत पोचवाल. असं एकदा झालं की त्या सोसायटीत पुन्हा पाय ठेवता येणार नाही.

लोक म्हणतील, आलेलं काम घालवतोस? पण ज्या माणसाला तुम्ही "हा सोफा दुरुस्त करू नका" असं खरं सांगितलं, तो शेजाऱ्याचा सोफा तुमच्याकडेच पाठवतो. मोडक्या सांगाड्यावर नवं कापड चढवून घेतलेले पैसे टिकत नाहीत, कारण तो सोफा वर्षभरात तक्रार होऊन परत येतो.

ग्राहक फक्त घरात नाही

नवीन पोरं फक्त घरगुती सोफ्याच्या मागे लागतात. जरा आजूबाजूला बघा. दवाखान्यातलं तपासणीचं टेबल, सलूनच्या खुर्च्या, हॉटेलातली गादीची बाकडी, ऑफिसच्या फिरत्या खुर्च्या, मंगल कार्यालयातला वधूवरांचा सोफा. यांचं कापड घरापेक्षा लवकर जातं आणि फाटकी सीट त्यांना परवडत नाही, कारण त्यांच्याही गिऱ्हाइकाला ती दिसते. इथे अट एकच असते: धंदा बंद ठेवायचा नाही. सलूनवाल्याचं काम साप्ताहिक सुट्टीत करून द्या, हॉटेलची बाकडी दोन-दोन करून न्या. वेळ पाळली की पुढची कामं विचारून येतात.

घरगुती कामाला हंगाम असतो. गणपती, दिवाळी, लग्नसराई. गणपतीच्या आदल्या आठवड्यात सगळ्यांनाच सोफा हवा असतो आणि तेव्हा कारागीर मिळत नाही. म्हणून आषाढातच जुन्या ग्राहकांना फोन लावा. आणि तारीख दिली की ती पाळा. घरातला सोफा नेल्यावर ती माणसं पाहुण्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवतात, हे विसरू नका.

कारागीर हाच धंदा आहे

या भागात मी जरा कडक बोलणार आहे. काही जण विचारतात, "सर, आपण फक्त ऑर्डर घ्यायची आणि कारागिराकडून करून घ्यायचं, असं चालेल ना?" चालेल, पण थोडेच दिवस. गादीवरची शिवण सरळ कशी येते, डिझाइनच्या कापडाची फुलं तिन्ही सीटवर एका ओळीत कशी बसवायची, मखमलीची लव एकाच दिशेला का ठेवायची, हे तुम्हाला स्वतःला कळत नसेल तर कोटेशनही चुकणार. डिझाइन जुळवायचं म्हटलं की कापड जास्त लागतं, आणि ते आधी धरलं नाही तर नफ्यातून जातं. म्हणून पहिले तीन महिने कारागिराच्या हाताखाली बसा. पिना उपटण्यापासून सुरुवात करा. जुनं कापड फाडून टाकू नका, शिवणीतून उसवा. नवीन कापड बेतायला तेच तुमचं माप असतं.

आणि कारागिराला रोजच्या रोज मजुरी द्या, जमलं तर प्रत्येक कामात वाटा द्या. हे हातातलं कौशल्य शिकायला वर्षं लागतात, आणि त्यांची स्वतःची मुलं या कामात यायला तयार नसतात. का? कारण बापाच्या कामाला मान आणि नियमित पैसा मिळालेला त्यांनी पाहिला नाही. हे बदललं नाही तर उद्या तुमच्याकडे ऑर्डर असतील आणि हात नसतील.

सुरुवात कशी करायची?

हाताची आणि हवेवरची स्टेपल गन, छोटा कंप्रेसर, जाड कापड शिवणारं मशीन, फोम कापायची सुरी, वजनकाटा. एवढ्यावर गाडी सुरू होते. सोबत आग विझवायचा सिलिंडर घ्याच. फोम आणि सोल्युशन दोन्ही झटकन पेट घेतात आणि फोमचा धूर विषारी असतो. शेडमध्ये बिडी-सिगारेट बंद म्हणजे बंद.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. सोफाकाम असा वेगळा व्यवसाय त्यात नाही, पण सुतार आणि शिंपी दोन्ही आहेत. तुमच्या सोबतचा कारागीर त्यात बसत असेल तर त्याला अर्ज भरायला मदत करा, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत त्यालाच मिळेल. पण कर्ज मिळतंय म्हणून घेऊ नका. आधी दहा कामं ॲडव्हान्सवर करा, मग मशीनसाठी लागेल तेवढंच घ्या.

या रविवारी एवढंच करा. तुमच्या घरातली एक जुनी खुर्ची उलटी करा, खालचं कापड उसवा आणि आतलं लाकूड, पट्टे, फोम वेगळे करून बघा. कशाला किती लागेल ते कागदावर लिहा. ते तुमचं पहिलं कोटेशन. मग तीच खुर्ची पूर्ण करून बैठकीच्या खोलीत ठेवा. घरी येणारा पहिला पाहुणा "कुठून घेतली?" असं विचारेल, तेव्हा काय उत्तर द्यायचं ते तुम्हाला ठाऊक आहे.

कामाला लागा. भेटू पुढच्या व्हिडिओत.