पहिली नक्कल निर्भेळ हवी

मुंजी, बारशी आणि लग्ने ज्या कॅमकॉर्डरच्या फितींवर एकेकाळी हौसेने टिपली गेली, त्या फिती संगणकावर उतरवून घेण्याची लगबग आज घरोघरी चालू आहे ही गोष्ट स्वागतार्ह आहे; परंतु जागा वाचविण्याच्या हव्यासाने चित्र आरंभीच आक्रसून लहानशा फाइलीत कोंबावयाचे आणि मूळ फीत रद्दीत टाकावयाची, ही जी रीत रूढ होत आहे, तिचा निषेध केलाच पाहिजे.

मिनीडीव्ही फितीवरील चित्र मुळातच अंकरूप असल्यामुळे, फायरवायरच्या तारेने ते अंक जसेच्या तसे उतरविले असता तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते, पण गुणवत्तेत तिळमात्र घट होत नाही. व्हीएचएस आणि हाय-८ या फिती मात्र अ‍ॅनालॉग, आणि त्यांना अंकरूप देताना झालेली हानी मागाहून भरून निघत नाही. म्हणून यंत्रात सोय असेल तेथे, प्रकाश आणि रंग एकत्र मिसळून नेणाऱ्या पिवळ्या तारेऐवजी ते पृथक् ठेवणारी एस-व्हिडिओची तार जोडावी, थरथरणाऱ्या ओळी टाइम बेस करेक्टरने स्थिर कराव्यात, आणि साठवण एफएफव्ही१ सारख्या काहीही न गाळणाऱ्या कोडेकमध्ये करावी. आपल्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी असतात व प्रत्येक चौकट दोन क्षणांच्या अर्धचित्रांनी गुंफलेली असते. तेव्हा हलत्या हाताच्या कडेला संगणकावर दिसणाऱ्या दातेरी रेघा दोष समजून एक अर्धचित्र गाळणे, म्हणजे हालचालीची निम्मी नोंद नष्ट करणे होय.

दस्तऐवजाची नक्कल करणाऱ्या कारकुनाने अस्सलातील अक्षर सुधारावयाचे नसते, हाच दंडक येथेही लागू आहे: रंग खुलविणे, रेघा पुसणे, फाइल लहान करणे हे सारे संस्कार दुसऱ्या प्रतीवर खुशाल करावेत.

विलंबही परवडणारा नाही. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ साली व्हीसीआरचे उत्पादन थांबविले, असलेली यंत्रे झिजत आहेत, आणि आपल्या दमट पावसाळ्यात फितींना बुरशी लागते. अशी फीत साफ न करता चालविल्यास यंत्राचे हेडही चोंदते. यास्तव फीत स्टुडिओच्या हवाली करताना केवळ दर न विचारता, न आक्रसलेली पहिली प्रत आणि मूळ फीत या दोहोंची मागणी प्रत्येकाने आग्रहाने करावी. तो आपला हक्क आहे आणि पुढील पिढीप्रत असलेले कर्तव्यही.