व्याजाच्या खर्चावर संसदेत स्वतंत्र चर्चा व्हावी

प्रति,
माननीय केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली
(मार्फत : मा. जिल्हाधिकारी, सातारा)

विषय : केंद्र सरकारच्या कर्जावरील व्याजाचा बोजा व त्याबाबतच्या मागण्या

माननीय महोदया,

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात व्याजापोटी १२ लाख ७६ हजार कोटी रुपयांची तरतूद आहे. दिवसाचा हिशेब केला तर साधारण साडेतीन हजार कोटी. आरोग्य मंत्रालयाची वर्षभराची तरतूद जेवढी आहे, तेवढे पैसे महिना संपायच्या आत व्याजात जातात. महसुली जमेच्या दर शंभर रुपयांतले ३७ रुपये असे आधीच बांधलेले असतात. सातारा परिसरातील आम्ही निवृत्त शिक्षक आणि बँक व विमा कर्मचारी याच काळजीपोटी हे निवेदन सादर करीत आहोत.

१९९०-९१ मध्ये व्याज सुमारे साडेएकवीस हजार कोटी, म्हणजे महसुली जमेच्या ३९ टक्के होते. २००१-०२ मध्ये ते ५३ टक्क्यांवर पोचले. २००३ मध्ये वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा झाला आणि २०१६-१७ पर्यंत प्रमाण ३५ टक्क्यांपर्यंत उतरले. कोविडच्या वर्षात ते पुन्हा ४२ च्या घरात गेले. त्या वर्षी कर्ज काढण्यावाचून गत्यंतर नव्हते, त्याबद्दल आमचे काहीच म्हणणे नाही. पण ते संकट सरून इतकी वर्षे झाली, तरी ३५ ची पातळी परत गाठलेली नाही.

व्याज थांबवा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. सरकारी रोखे बँका, आयुर्विमा महामंडळ आणि भविष्य निर्वाह निधीकडेच मोठ्या प्रमाणावर आहेत; त्यात आमच्याही ठेवी आणि पॉलिसी आल्या. दिलेला शब्द पाळलाच पाहिजे. प्रश्न नवा शब्द देण्याचा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रथमच ५० वर्षे मुदतीचे केंद्राचे रोखे विकले : दहा हजार कोटींचे, ७.४६ टक्के दराने. त्यावर वर्षाला ७४६ कोटी व्याज, तेही २०७३ पर्यंत. मुद्दल शेवटी वेगळेच फेडायचे. हे फेडणारी पिढी अजून शाळेतही गेलेली नाही.

राज्यघटनेच्या कलम ११२ नुसार व्याज हा संचित निधीवर भारित खर्च आहे, म्हणून कलम ११३ प्रमाणे त्यावर मतदान होत नाही. ते योग्यच आहे. मात्र त्याच कलमाने चर्चेला मोकळीक ठेवली आहे. संरक्षणाच्या जवळजवळ दुप्पट असलेल्या या खर्चावर दोन्ही सभागृहांत दरवर्षी अर्थसंकल्पी अधिवेशनात एक पूर्ण दिवस चर्चा व्हावी, ही आमची मुख्य मागणी आहे.

दुसरी मागणी कर्जाच्या वापराविषयी आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ५ लाख २४ हजार कोटी आहे, म्हणजे तेवढी रक्कम उसनवारी करून रोजच्या खर्चात घातली जाणार. रस्ता, धरण, रेल्वे यांसाठी काढलेले कर्ज पुढे काही मिळवून देते. पगार आणि अनुदानासाठी काढलेले फक्त व्याज वाढवते. महसुली तुटीचे उद्दिष्ट २०१८ च्या दुरुस्तीने कायद्यातून वगळले गेले. ते मुदतीसह परत आणावे. २०३१ पर्यंत कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या आसपास आणण्याचे आपण जाहीर केले आहे, त्याचे स्वागत. पण महसुली तूट राहिली तर ते उद्दिष्ट टिकणार नाही.

अन्न महामंडळाची अर्थसंकल्पाबाहेरची कर्जे २०२१ मध्ये आपणच हिशेबात आणलीत, हे धाडसाचे काम होते. तोच नियम सर्व सरकारी संस्थांना लावावा. शिवाय गेल्या तीस वर्षांतील व्याज, महसुली जमा आणि कर्जाचा सरासरी दर यांचा तक्ता अर्थसंकल्पासोबत मराठीसह सर्व भारतीय भाषांत प्रसिद्ध व्हावा.

येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी या मागण्यांवर निर्णय घेऊन आम्हांस लेखी कळवावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
सातारा परिसरातील निवृत्त शिक्षक, बँक व विमा कर्मचारी
(सोबत : सह्यांची यादी)