मटणाचा वास चालत नाही, सिगारेटचा चालतो?

घर भाड्याने देताना मालक काय काय विचारतात! लग्न झालंय का, आडनाव काय, पाहुणे किती येतात, मटण-मासे शिजवणार का... वास भिंतीत बसतो म्हणे! पुण्यात मी ५ घरं बदलली, पाचही ठिकाणी हा प्रश्न आला. पण आधीचा भाडेकरू याच हॉलमध्ये बसून सिगारेटी ओढायचा, हे आजवर एकाही मालकाने किंवा एजंटाने आपणहून सांगितलेलं नाही. ते कळतं पहिल्या पावसात. हवा दमट झाली, खिडक्या बंद झाल्या, की नव्या रंगाखालून तो जुना कुबट वास वर येतो.

तक्रार केली की उत्तरं ठरलेली. "अहो, रंग दिलाय की!" नाहीतर "उदबत्ती लावा, जाईल." धुरावर धुराचा उतारा!

मंडळी, रंग फासणं म्हणजे साफसफाई नव्हे. धूर उडून जातो, पण त्यातलं निकोटिन आणि चिकट डांबर भिंतींवर, पडद्यांत, गाद्यांत, पंख्याच्या पात्यांवर बसून राहतं. न धुता वरून डिस्टेंपर मारला तर ते पुन्हा पाझरतं. आणि प्रश्न नुसत्या वासाचा नाही. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिलं, की पृष्ठभागावर बसलेलं निकोटिन हवेतल्या नायट्रस आम्लाशी मिळून कर्करोगकारक नायट्रोसमाइन्स तयार करतं. हे आम्ल आपल्या गॅसच्या शेगडीतूनही येतं. रांगणारं मूल त्याच फरशीवर हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं.

सार्वजनिक जागी सिगारेट ओढायला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे. घराच्या चार भिंतींना ती लागू नाही, आणि असावी असंही मी म्हणत नाही. ओढणाऱ्याने आपल्या घरात ओढावी. पण त्याच्या मागून येणाऱ्याला ते कळायला नको?

बरं, घर सोडताना रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापतातच. त्याचेही कापले, माझेही कापले. वास आहे तिथेच!

म्हणून माझी मागणी साधी आहे. अकरा महिन्यांच्या करारात एक ओळ घाला: या घरात सिगारेट ओढली जात होती की नाही. होत असेल तर जुने पडदे-गाद्या काढा, भिंती साबणाच्या पाण्याने धुवा, डाग-वास अडवणारा प्रायमर मारा आणि मग रंग द्या. खर्च ज्याने ओढली त्याच्याकडून घ्या. असं लिहिलं तर भाडं कमी येईल, असं मालक म्हणतील. येऊ दे की! खराब माल कमी भावातच जातो.

तोवर आपण भाडेकरूंनी तरी लाज सोडावी. मालकाने "मटण खाता का?" विचारलं, की आपणही विचारावं, "इथे आधी सिगारेट कोण ओढत होतं?"