शोकान्तापाशी थांबलेली मराठी

पुरुषांमधील प्रेमाची जपानी लघुचित्रकथा, अर्थात 'मांगा', प्रामुख्याने स्त्रियांनी मुलींसाठी घडविली. तिचाही आरंभ शोकात्मच: मोतो हागिओ यांची 'तोमा नो शिन्झो' (१९७४) एका मुलाच्या आत्महत्येपासून सुरू होते. पुढे नियतकालिकांच्या आश्रयाने हा प्रकार फोफावला आणि सुखान्त त्याला वर्ज्य राहिला नाही.

मराठीत समलिंगी प्रेमाचा विषय आला. प्रकार रुजला नाही. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मधील सुमित्रा मृत्यू जवळ करते; सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये (२००६) भाऊ-बहीण दोघांनाही एकच भाडेकरू सोडून जातो. या कृतींचे मोल निर्विवाद आहे. परंतु प्रेमाची गोष्ट केवळ विच्छेदातूनच सांगावी, हा दंडक कोणी घातला? २०१८ च्या न्यायनिर्णयानंतर तर कायद्याचीही सबब उरलेली नाही.

कल्याणला १८६४ पासून सार्वजनिक वाचनालय आहे, ठाण्याला १८९३ पासून ग्रंथसंग्रहालय. तरीही डोंबिवलीच्या लोकलमधील तरुण वाचकाला अशी हलकीफुलकी, सुखान्त कथा हवी असल्यास भ्रमणध्वनीवर कोरियन 'मान्ह्वा'च्या इंग्रजी अनुवादाकडे वळावे लागते. (समीक्षक त्यास उथळ म्हणतील; फडके-खांडेकरांनाही म्हटले गेलेच होते.) १९०९ पासून दिवाळी अंक काढणाऱ्या भाषेत अशा कथेला चार पाने देणे संपादकांना अशक्य नाही.