दोन फोडी आणि कोय

तिसरं मूल झालं की सगळं जग चौघांसाठी बेतलेलं दिसू लागतं. रिक्षात तीनच प्रवासी, म्हणून पाच जणांना दोन रिक्षा. सहलीचं पॅकेज दोन मुलांपुरतं. कायदाही मोजतो. २००५च्या लहान कुटुंबाच्या नियमांमुळे तिसऱ्या अपत्यानंतर राज्य सरकारची नोकरी मिळत नाही, आणि ग्रामपंचायतीच्या कायद्यामुळे तिथली निवडणूकही लढवता येत नाही. लोकसंख्येची चिंता खरी होती. पण किती मुलं हवीत हे जिला कुणी विचारलंच नाही, त्या बाईचं सरपंचपद जावं, हे मला अन्यायाचं वाटतं. शिवाय २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७वर आला आहे.

घरातला हिशेब मात्र निराळा असतो. मोठी धाकटीची वेणी घालते, मधला दोघींचं भांडण सोडवायला जातो आणि बोलणी खातो. एका आंब्याच्या फोडी दोनच, तिसऱ्याला कोय. आणि कोय हवी म्हणूनही तंटा! या गडबडीत मधल्याचं दुखणंखुपणं सर्वांत उशिरा कळतं. म्हणून या अंकातले मधल्या मुलांवरचे लेख आधी वाचा, अशी विनंती.